फूटपाथवरचं झाड जगवायचं तर आधी फरशीखाली बघा

चौदा वर्षं फूटपाथच्या कामांवर सुपरवायझर म्हणून उभा राहिलोय, त्यामुळे पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यातल्या बऱ्याच मी स्वतःच केल्यात हे आधीच सांगून टाकतो. पुण्यात सहकारनगरच्या एका गल्लीत कर्ब, म्हणजे फूटपाथच्या कडेचे दगड, बसवायचं काम चालू होतं, दोरी मीच धरली होती, आणि मुकादम म्हणाला, "साहेब, मूळ आडवं येतंय, उडवू का?" रेनट्रीचं मांडीएवढं जाड मूळ होतं. मी म्हणालो उडवा, दुपारपर्यंत लाईन संपवायची होती. दोन पावसाळे काही झालं नाही. तिसऱ्या जुलैत ते झाड रात्रीत आडवं झालं, खाली दोन ॲक्टिव्हा सापडल्या, नशीब माणूस कोणी नव्हतं. सकाळी बघायला गेलो तर मुळांचा गड्डा उघडा पडलेला, भाकरीसारखा चपटा, जेमतेम दोन फूट जाड, आणि एका बाजूने कर्बच्या रेषेत सरळ कापलेला, विळीवर धरून कापल्यासारखा. ती रेष माझ्या दोरीची होती. जमलेली मंडळी म्हणत होती वारंच फार होतं हो काल.

त्यानंतर थोडं वाचायला लागलो, थोडं उकरून बघायला लागलो, आणि आता आमच्या हातात जे काम येतं त्यात जमेल तेवढं बदलून घेतो. सोसायटीची कमिटी असेल, क्षेत्रीय कार्यालयाच्या चकरा मारणारे नागरिक असतील, छोटे ठेकेदार असतील, सगळ्यांच्या कामाचं आहे म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मूळ फरशी का उचलतं

आपल्याला वाटतं मूळ म्हणजे पहार, जोर लावून फरशी वर ढकलते. प्रभात रोडच्या एका आतल्या गल्लीत आम्ही जुने गट्टू (पेव्हर ब्लॉक) काढत होतो, एकेक गट्टू उचलला की खालच्या वाळूत पांढऱ्या बारीक मुळांची जाळी दिसायची, आणि त्यातली जी जाड झाली होती ती अगदी गट्टूंच्या सांध्यांच्या नक्षीत वळलेली, झिगझॅग. वाळूच्या खाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, पीसीसीखाली रोलरने दाबलेला मुरूम, त्यात खिळा पण जाणार नाही. म्हणजे हवा आणि ओल मिळायला मुळाकडे एकच जागा होती, ती दीड-दोन इंचाची वाळू. रात्री फरशी गार झाली की तिच्या पोटाला ओल धरते, वरून सांध्यातून पाणी झिरपतं, मूळ तिथे जाणार नाही तर कुठे जाईल. करंगळीएवढं गेलं, मनगटाएवढं झालं, गट्टू वर आला. त्याला तिकडे जायचं आमंत्रण आपणच दिलेलं असतं.

दुसरा गैरसमज असा की झाड जेवढं वर तेवढंच खाली. तसं नसतं, पाण्याखतावर जगणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, बऱ्याचदा फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. कारण मुळालाही श्वास लागतो आणि हवा वरच असते.

खरी गोम ही आहे की फूटपाथवाल्याला खालची जमीन ठोकून घट्ट पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात बसते, आणि झाडाला तीच जमीन भुसभुशीत पाहिजे. दोघांचं म्हणणं बरोबर आहे. पुढचं सगळं ह्या भांडणाच्या तडजोडीबद्दल आहे.

आधी टेप आणि पहार

जुनं झाड असेल तर छातीच्या उंचीला, म्हणजे साधारण साडेचार फुटांवर, टेप गुंडाळा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास आला, आणि व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे त्या झाडाच्या महत्त्वाच्या मुळांचा भाग. घेर १९० सेंमी असेल तर व्यास ६० सेंमी आणि त्रिज्या ७.२ मीटर. आता पुण्यात सात मीटर कुठून आणायचे, एका बाजूला डांबर, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी कंपाउंड. मान्य, पण म्हणूनच फूटपाथच्या अंगाला जी काही पट्टी उरलीय तिला हात लावताना दहा वेळा विचार करा, झाडाकडे तेवढीच शिल्लक आहे.

मग पहार घ्या. पाऊस पडून दोन दिवस झाले की बुंध्यापासून चार-पाच फुटांवर हाताने दाबा, आठ-दहा इंच गेली तर ठीक, दोन इंचांवर अडकली तर जमीन ठोकलेली आहे. नवीन जागा असेल तर एक फूट बाय एक फूट खड्डा, एक फूट खोल, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि आता घड्याळ लावून तासाला किती सेंमी उतरतंय ते बघा. दोन-तीन सेंमी उतरलं तर चालेल, एक पण उतरत नसेल तर खाली काळा पाषाण नाहीतर काळी चिकट माती आहे आणि खड्ड्याची बादली होणार, मुळं पाण्यात कुजणार. पुण्यात दोन-तीन फुटांवर खडक लागणं नवीन नाही. तिथे खड्ड्याच्या तळाशी भोकं पाडलेला पाईप टाकून तो पावसाळी लाईनला जोडावाच लागतो, ड्रेनेजला नाही, ही चूक पण बघितलीय.

रुंदीची वाटणी

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ प्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे, म्हणजे समोरासमोरून दोन व्हीलचेअर जातील एवढी. तीन मीटरचा फूटपाथ असेल तर कर्बच्या अंगाची १.२ मीटर पट्टी झाडांना, विजेच्या खांबांना, बाकड्यांना, आणि आतली १.८ चालायला. महापालिकेच्या २०१६ च्या अर्बन स्ट्रीट डिझाइन गाइडलाइन्समध्ये पण झाडं अशाच सामायिक पट्टीत घ्यायची कल्पना आहे, जंगली महाराज रस्त्याच्या नव्या फूटपाथवर गेलात तर बघायला मिळते. (त्याच रस्त्याला सत्तरच्या दशकात दहा वर्षांची गॅरंटी दिली होती म्हणतात, फूटपाथच्या झाडाला एका पावसाळ्याची तरी द्या कोणी.)

फूटपाथच दीड मीटरचा असेल तर त्यात झाड कोंबू नका, माणूस रस्त्यावर उतरतो आणि झाडाला शिव्या देतो. अशा ठिकाणी पार्किंगच्या पट्टीत दर दोन-तीन गाड्यांनंतर कर्ब पुढे काढून झाडाला जागा द्या. पार्किंगवाले भांडतील, पण एप्रिलमध्ये सावलीतली जागा पहिली कोण पकडतो ते बघा.

खड्डा किती, खरं किती

आपल्याकडे सरसकट तीन बाय तीन फुटांचा चौकोन ठेवतात. हिशोब करून बघा. जाणकार धरतात की झाडाच्या सावलीच्या दर चौरस मीटरला साधारण ०.६ घनमीटर मुळांना वापरता येईल अशी माती लागते. सहा मीटर पसाऱ्याचं मध्यम झाड म्हणजे २८ चौरस मीटर सावली, म्हणजे सतरा घनमीटर माती. आणि आपण देतो एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, एक घनमीटर, त्यावर जेवढं झाड तगेल त्याची सावली रस्त्यावरच्या टपरीच्या छत्रीएवढी. बाकीचं झाड नशिबावर, कुठेतरी फुटक्या पाईपवर जगतं.

म्हणून सुट्टे चौकोन न करता लांब चर घ्या. दोन झाडांत आठ मीटर अंतर असेल तर मधली सगळी पट्टी १.२ मीटर रुंद, एक मीटर खोल, अखंड. दर झाडाला साडेनऊ घनमीटर सुटतात, शिवाय शेजारच्या झाडाशी वाटून घेता येतात. हिशोबात कमी पडणारी माती चालायच्या भागाखाली द्यायची, ते कसं ते पुढच्या भागात सांगतो. चराच्या वरचा भाग सगळा उघडा ठेवायची गरज नाही, मधे मधे गट्टू किंवा शहाबादी टाका म्हणजे गाडीतून उतरणाऱ्याला पाय ठेवायला जागा होते, पण बुंध्याच्या चारी बाजूंनी, पट्टीत बसेल तेवढा, एक मीटरपर्यंत मात्र उघडाच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं ते ह्याच कारणाने.

फरशीखालचे थर, हे नीट वाचा

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात एक मिश्रण तयार झालं. कल्पना साधी आहे, खडीला खडी टेकली की भार खडी घेते, तुम्ही वरून कितीही ठोका, खडीच्या मधल्या पोकळ्या तशाच राहतात, त्या पोकळ्यांत माती भरायची म्हणजे ती दबत नाही. वजनाने ८० टक्के खडी, २० टक्के माती, घमेल्यात मोजायचं तर साधारण तीनास एक. खडी २० ते ४० मिमी, धारदार, धुतलेली, त्यात क्रश, म्हणजे दगडाची भुकटी, अजिबात नको, ठेकेदार हमखास क्रश मिसळलेली गाडी आणतो कारण ती स्वस्त पडते आणि मग सगळ्या पोकळ्या बुजून पैसे पाण्यात. माती पोयटा, थोडं कुजलेलं शेणखत. काळी माती नको, ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशी नाचवते. मिसळताना माती निसटून खाली बसू नये म्हणून ते लोक थोडं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं चिकट जेल) वापरतात, आम्ही मिश्रण नुसतं ओलसर ठेवून लगेच भरतो, तेवढ्यावर भागतं. सहा-सहा इंचांचे थर टाकत, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकत, दोन ते तीन फूट भरायचं. एक लक्षात ठेवा, ह्यात खरी माती पाचवा हिस्साच आहे, त्यामुळे वरच्या सतरा घनमीटरच्या हिशोबात हे भरताना हात आखडू नका.

मला स्वतःला स्टॉकहोमवाल्यांची पद्धत आपल्यासाठी जास्त बरी वाटते. ते १०० ते १५० मिमीचे मोठे दगड भरतात, ठोकतात, आणि मग माती वरून पाण्याच्या फवाऱ्याने दगडांच्या फटींत धुऊन उतरवतात. त्याच्यावर ३२ ते ६३ मिमी खडीचा हवेचा थर, त्यावर जिओटेक्स्टाईलचं कापड, आणि मग फूटपाथचे नेहमीचे थर. मातीत कोळशाचा चुरा पण घालतात. आता विचार करा, १००-१५० मिमीचा दगड म्हणजे आपलं सोलिंग, पायात रचतो ते. वाघोलीच्या खाणींतून रोज गाड्या येतात, कुठल्याही मिस्त्रीला सोलिंग कसं रचायचं हे शिकवावं लागत नाही, फक्त त्याच्या डोक्यावर उभं राहून सांगावं लागतं की वरून मुरूम ओतू नकोस बाबा, माती धुऊन घाल. एका थराला पाऊण दिवस जातो. फवारा जोरात मारला तर माती सगळी तळाशी जाते, हळू मारला तर वरच राहते, पहिल्या दिवशी आम्ही दोन्ही करून बघितलं.

पैसे असतील तर तिसरा मार्ग पण आहे, चालायच्या भागावर प्रीकास्ट (आधीच ओतून आणलेला) स्लॅब दोन बाजूंच्या आधारांवर टेकवायचा, छोट्या साकवासारखा, आणि खालची माती मोकळीच ठेवायची. जुन्या मोठ्या झाडाच्या मुळांवरून जायचं असेल तर हाच उत्तम, पण आधाराचे खड्डे मुळं चुकवून हाताने खणायचे.

वरचा थर

आपल्या प्रत्येक इस्टिमेटमध्ये गट्टूच्या खाली १०० मिमी पीसीसी असतेच, सवयच आहे. पायी चालायच्या भागाला ती लागत नाही. सोलिंगच्या वर १०० ते १५० मिमी स्वच्छ खडी, तिच्यावर दीड इंच ग्रिट, म्हणजे २ ते ६ मिमीची बारीक खडी, वाळू नको आणि क्रश तर नकोच, मग गट्टू, सांधे ६ ते १० मिमीचे आणि त्यातही तेच ग्रिट. पाणी आरपार जातं, आणि जाड खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ओल टिकत नाही म्हणून फरशीच्या लगेच खाली मुळं रमत नाहीत, त्यांना खाली माती मिळालेलीच असते. फक्त जिथे गाड्या गेटमधून आत-बाहेर करतात तेवढ्या पट्ट्यात ८० मिमीचे जाड गट्टू आणि भक्कम बेस द्या, तिथे हट्ट करू नका.

मुळं अडवायला रूट बॅरिअर म्हणून प्लास्टिकचे जाड पत्रे मिळतात. ते कर्बच्या कडेने सरळ रेषेत लावले तर ठीक, पण झाडाभोवती चौकोनी डबा केला तर मुळं गोल गोल फिरत राहतात आणि दहा वर्षांनी झाड कुंडीतल्यासारखं उपटून येतं.

आधीच उचलला गेलेला फूटपाथ असेल तर मूळ तासू नका, फूटपाथच उचला. १० सेंमी वर आलेलं मूळ असेल तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर अंतरात १:२० चा उतार द्या, वरच्या भागात ग्रिटवर गट्टू टाका, आजी-आजोबांना कळत पण नाही की चढ आहे.

पाणी झाडाकडे वळवा

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमीच्या वर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. दहा चौरस मीटर फूटपाथवर वर्षाला सात हजार लिटर पाणी पडतं, आणि आपण ते उतार देऊन रस्त्यावर सोडतो, मग मार्चपासून त्याच झाडाला टँकर. उतार उलटा करा, २ टक्के झाडाच्या पट्टीकडे, आणि पट्टीतली माती फूटपाथपेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा. बरेच जण माती ढिगासारखी वर भरतात आणि पाणी घरंगळून जातं.

रस्त्याचं पाणी पण घ्यायचं असेल तर कर्बमध्ये फूट-दीड फुटाचा काप ठेवतात. मी हे सगळीकडे सुचवणार नाही. टेकडीच्या उतारावरच्या रस्त्यांना पाणी एवढ्या जोरात येतं की माती घेऊन जातं, आणि खाऊ-चौपाटीच्या गाड्यांशेजारी तेलकट पाणी आत येतं. शांत गल्लीत करा, कापाच्या तोंडाशी चार मोठे दगड टाका, आणि जास्तीचं पाणी बाहेर पडायला दुसरीकडे वाट ठेवाच.

बुंधा, पार आणि जाळी

पार बांधायची आपल्याला भारी हौस. पाराला विरोध नाही, निम्म्या पेठांचं राजकारण पारावरच चालतं, पण आत दोन फूट माती भरून बुंधा गाडू नका. बुंधा जमिनीपाशी जिथे पसरट होतो तो भाग उघडा दिसला पाहिजे, तो मातीत गेला की साल कुजते. बसायला पायावर उभी बाकडी ठेवा. लोखंडी जाळ्या एकतर चोरीला जातात नाहीतर बुंध्यात रुततात, त्यापेक्षा नुसती सुटी खडी बरी. चुना-गेरू लावा खुशाल, झाड मरत नाही, नुसतं सरकारी दिसतं.

खोदाई आली की

केबलवाले, गॅसवाले, पाणीवाले, कोणी ना कोणी येणारच. टेपने काढलेल्या झाडाच्या वर्तुळात जेसीबी नाही, हाताने खणायचं. मनगटाच्या जवळपास जाडीचं, म्हणजे ५ सेंमीच्या वरचं मूळ सापडलं की ठेवायचं, पाईप त्याच्या खालून ओवायचा, उघडी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि त्याच दिवशी बुजवायचं. बारीक मूळ तोडावंच लागलं तर करवतीने स्वच्छ तोडा, जेसीबीने ओढलं की ते आत वारभर फाटतं. एकाच वर्षी दोन्ही बाजूंना चर नको. आणि कोणी "मूळच तर आहे, झाड कुठे तोडतोय" म्हणालं तर सांगा, महाराष्ट्राच्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात झाड तोडणं म्हणजे त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणं पण येतं, परवानगी उद्यान विभागाकडून घ्यावी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात.

कुठलं झाड

१.२ मीटरच्या पट्टीत बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ. बकुळ हळू वाढते, धीर धरा. करंज, कडुनिंबाला दोन मीटर तरी द्या. वड-पिंपळ फूटपाथवर नवीन लावू नका, त्यांना मैदान द्या. गुलमोहराच्या फांद्या वाऱ्यात पटकन मोडतात आणि मुळं वरवर, त्याला बागेत राहू दे. सप्तपर्णी दिवाळीच्या सुमारास फुलली की निम्मी सोसायटी वासाने डोकं धरते, लावण्याआधी विचारून घ्या. नर्सरीत रोपाची पिशवी फाडून बघा, मुळं आत गोल फिरली असतील तर ते रोप फुकट दिलं तरी नको.

कागदावर कसं आणायचं

पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतात. नुसतं "फूटपाथ दुरुस्ती" लिहिलं तर पीसीसी आणि गट्टू येणार हे धरून चाला. अर्जातच लिहा, बुंध्याभोवती एक मीटर मोकळा, पीसीसी वगळून खडी-ग्रिटवर गट्टू, उतार झाडाकडे, मुळांजवळ हाताने खोदाई. टेंडर निघून गेल्यावर साइटवर भांडून काही मिळत नाही, मुकादम बिचारा कागदावर आहे तेच करणार. आणि जमलं तर सोलिंग भरायच्या दिवशी साइटवर या, ते एकदा झाकलं गेलं की आत काय आहे ते झाड पडेपर्यंत कोणाला कळत नाही.

नवीन झाडाला पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, रोज तांब्याभर नाही. मेच्या शेवटी सांध्यांतलं ग्रिट आणि पट्टीत साठलेला गाळ बघा, गाळ काढा, ग्रिट परत भरा. झाडणाऱ्या मावशींशी बोलून ठेवा की पाला बुंध्याशी जाळायचा नाही, पट्टीतच पसरायचा. आमच्या गल्लीतल्या मावशींना हे मी सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "मी कधीच जाळत नाही, ते तुमच्या सोसायटीचे वॉचमनच जाळतात."